लग्नाच्या होकारातून उभी राहिलेली शाळा

१/ ६ जून १९४४. दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, त्याच दिवशी काँ शहरावर बॉम्बवर्षाव झाला. सेसील मोरेट या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीची आई, बहीण आणि आजी त्यात मरण पावल्या. ती स्वतः परीक्षेसाठी पॅरिसला गेली होती, म्हणून वाचली. बॉम्ब शत्रूचे नव्हते; फ्रान्सला मुक्त करायला आलेल्यांचे होते.

२/ युद्धानंतर फ्रान्सची विद्यापीठे पुन्हा भरू लागली. परंतु पाव शतक जुन्या झालेल्या क्वांटम यामिकीचे पद्धतशीर शिक्षण तेथे मिळत नसे. सेसीलला ते डब्लिन, कोपनहेगन आणि १९४८ पासून प्रिन्स्टन येथे मिळाले. मायदेशातील मुलांना कोण देणार, हा प्रश्न तिच्या मनातून गेला नाही.

३/ प्रिन्स्टनमध्ये ब्राइस डिविट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने तिला लग्नाची मागणी घातली. तिने आधी नकार दिला; परदेशी माणसाशी लग्न म्हणजे देश सोडणे. दुसऱ्या दिवशी होकार दिला, तो एक निश्चय करूनच : जायचेच असेल, तर फ्रान्ससाठी एक शाळा उभारून मग जायचे.

४/ १९५१ च्या उन्हाळ्यात माँ ब्लाँच्या पायथ्याशी, लेझूश या गावी शाळा भरली. साधी लाकडी घरे, एक फळा आणि आठ आठवडे. शिक्षक व विद्यार्थी एकाच ठिकाणी राहत, एकाच पंगतीला जेवत. पुढील काही वर्षांत पाउली आणि फेर्मी यांनीही तेथे शिकवले.

५/ सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत पिएर-झील द झेन, झॉर्ज शार्पाक आणि क्लोद कोहेन-तानूजी होते. तिघांनाही पुढे नोबेल मिळाले : अनुक्रमे १९९१, १९९२ आणि १९९७. द झेन यांच्या कार्याचा मोठा भाग सांख्यिकीय भौतिकीतला. एका कणाचा मार्ग सांगता येत नाही, पण असंख्य कणांच्या समूहाचा नियम सांगता येतो, हा त्या शास्त्राचा पाया.

६/ संभाव्यताशास्त्राची अशीच शाळा १९७१ मध्ये फ्रान्समधीलच सँ-फ्लूर या डोंगरी गावी सुरू झाली. २००२ मध्ये वेंडेलिन वेर्नर यांनी तेथे यादृच्छिक वक्ररेषांवर व्याख्याने दिली. २००६ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळाले. त्या वक्ररेषा मुळात सांख्यिकीय भौतिकीच्या प्रश्नांतून आलेल्या. २००५ च्या जुलैत लेझूशचे एक सत्र गणिती सांख्यिकीय भौतिकीलाच वाहिलेले होते. दोन्ही विद्या एकाच फळ्यावर आल्या.

७/ या शाळा पदवी देत नाहीत. तरीही त्यांच्या व्याख्यानांचे ग्रंथ छापले जातात आणि तेथे कधीही न गेलेली मुले त्यांवरून शिकतात. मात्र जे सुटलेले नाही ते ग्रंथात क्वचितच उतरते. ते जेवताना, डोंगर चढताना, गुरूच्या तोंडून ‘हे मलाही ठाऊक नाही’ असे ऐकताना कळते. नव्या संशोधकाचे काम तिथूनच सुरू होते.

८/ सेसील डिविट-मोरेट यांनी १९७२ पर्यंत लेझूशची धुरा वाहिली, तीही बहुतांश काळ अमेरिकेत राहून. आपल्या माणसांना बॉम्बखाली गमावलेल्या या बाईंनी शाळेचे दार मात्र कोणत्याही देशाच्या मुलांसाठी बंद ठेवले नाही. २०१७ मध्ये त्या वारल्या. लेझूशचे वर्ग आजही भरतात.