नाही म्हणणारा राजा

१९५० साली बेल्जियमने काढलेली एक हजार फ्रँकची नोट माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. पुढच्या बाजूला राजा पहिला अल्बर्ट, मागच्या बाजूला हेंड्रिक गेरार्ट नावाचा एक नावाडी. राजाच्या पाठीशी नावाडी कसा आला, या प्रश्नानेच मी दरवर्षी पहिल्या महायुद्धाचा पहिला तास सुरू करतो.

२ ऑगस्ट १९१४. संध्याकाळी जर्मन राजदूताने ब्रुसेल्समध्ये खलिता दिला: फ्रान्सवर चालून जायला वाट द्या, उत्तरासाठी बारा तास. अल्बर्ट ३९ वर्षांचा होता. थोरला भाऊ अकाली गेला म्हणून गादी त्याच्याकडे आली, तीही चुलता दुसरा लिओपोल्ड याच्याकडून, ज्याच्या नावाला काँगोतलं रक्त कायमचं चिकटलं आहे. अल्बर्टची आई होहेनझोलर्न घराण्यातली, म्हणजे कैसरच्याच कुळातली. राणी एलिझाबेथ बव्हेरियाची. सोयरीक बघितली असती तर वाट देणं सोपं होतं. रात्री मंत्र्यांबरोबर बैठक झाली आणि सकाळी उत्तर गेलं: नाही.

ऑक्टोबरमध्ये अँटवर्प पडलं. उरलंसुरलं सैन्य इझर नदीपाशी येऊन थांबलं. त्यामागे देशाचा एक चिंचोळा कोपरा तेवढा शिल्लक होता. त्या भागातली शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. कोकणातल्या खारजमिनी पाहिलेल्या माणसाला हे लगेच समजेल. बांधातली उघाडी ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटते. तिथल्या न्यूपोर्ट गावच्या दारांचंही काम तेच, फक्त प्रचंड आकारात. ऑक्टोबरच्या अखेरीस, जर्मनांना अडवायला, तिथे ते उलटं करायचं ठरलं: भरतीला दारं उघडायची, ओहोटीला मिटायची. पाण्याच्या वाटांचा जाणकार कारेल कॉगे याने सल्ला दिला. न्यूपोर्ट-डिक्समाउडे रेल्वेच्या भरावाखालच्या मोऱ्या बुजवून त्याचाच बांध केला. पहिला प्रयत्न फसला. मग २९ ऑक्टोबरच्या रात्री, दारांची खडान्‌खडा माहिती असलेल्या गेरार्टला घेऊन सैनिक तोफांच्या माऱ्यात दुसऱ्या दारांपाशी पोचले. पुढच्या रात्रीही तेच. पाणी हळूहळू चढलं, जर्मन मागे हटले आणि तो मोर्चा चार वर्षं तिथेच रुतून राहिला. हे खारं पाणी आपल्याच शेतकऱ्यांच्या शेतात सोडलं होतं, हे विद्यार्थ्यांना सांगताना मी दर वेळी थोडा थांबतो.

इथून ‘शूरवीर राजा’ ही ख्याती सुरू झाली. सरकार फ्रान्समध्ये ल हाव्रजवळ गेलं. अल्बर्ट दे पानला, आपल्या मातीवर राहिला. राणी तिथल्या इस्पितळात राबली. दोस्तराष्ट्रांच्या वृत्तपत्रांनी खंदकातल्या राजाची चित्रं घरोघरी पोचवली. ती खोटी नव्हती, पण माझ्या मते अल्बर्टचं मोठेपण त्यांत दिसत नाही. त्याच्या युद्धकाळच्या रोजनिशा वाचल्या की वेगळाच माणूस भेटतो. मोठमोठ्या चढायांवर त्याचा विश्वास नव्हता. दोस्तराष्ट्रांचे जनरल सैन्य मागत राहिले आणि राज्यघटनेने सेनापतिपद आपल्याकडे आहे, यावर बोट ठेवून हा नाही म्हणत राहिला. बेल्जियम तटस्थ देश आहे, तो स्वतःला वाचवतो आहे, इतरांची उद्दिष्टं त्याची नव्हेत, ही त्याची भूमिका. सॉमच्या लढाईतल्या कत्तलीत त्याची पोरं गेली नाहीत. १९१५-१६ च्या हिवाळ्यात प्राध्यापक वाक्सवायलर यांच्यामार्फत, राणीचा मेहुणा काउंट टोरिंग याच्याशी त्याने गुपचूप तहाची चाचपणीही केली. जर्मनांच्या अटींत देशाचं स्वातंत्र्य उरत नव्हतं, म्हणून ती तुटली. काहींना यात डाग दिसतो. मला जबाबदारी दिसते. सप्टेंबर १९१८ मध्ये जिंकणं शक्य झालं, तेव्हा मात्र फ्लँडर्सच्या सैन्यगटाचं नेतृत्व त्यानेच केलं.

शांततेतलं एक काम तर मी लढाईच्याही वर ठेवतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये लोप्पेमच्या वाड्यात पुढाऱ्यांना भेटून त्याने एका पुरुषाला एक मत या तत्त्वाला पाठिंबा दिला. तोवर शिकलेल्या किंवा मालमत्तावाल्या माणसाला तीन मतांपर्यंत अधिकार होता. बायकांना मात्र १९४८ पर्यंत थांबावं लागलं. काँगोही वसाहतच राहिला. त्याचा गौरव करणाऱ्या पुस्तकांत या दोन गोष्टी फार लवकर उरकल्या जातात, त्याचं मला वाईट वाटतं.

१७ फेब्रुवारी १९३४ ला मार्श-ले-दाम इथे एकटाच कडा चढताना तो पडून गेला. संशयाच्या कथा लगेच उठल्या. २०१६ मध्ये, तिथून उचलून जपलेल्या झाडाच्या पानांवरचं रक्त डीएनए चाचणीत त्याचंच ठरलं.

न्यूपोर्टला त्याचं विटांचं गोल स्मारक आहे, आत घोड्यावरचा राजा. खाली सहा पाटांची दारं एकत्र येतात. मी गेलो तेव्हा ओहोटी होती. शेतातलं पाणी उघड्या दारांतून समुद्राकडे चाललं होतं आणि काठावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता.