गोगलगाय खाणारी गोगलगाय



2022 च्या खरिपात आमच्या लातूरकडं शंखी गोगलगायीनं सोयाबीनचं काय केलं ते वेगळं सांगायला नको. रात्रीत कोंब गायब, सकाळी तासात नुसता चकाकणारा चिकट माग. दुबार पेरली, तीही अर्धी गेली. तेव्हा डोक्यात शिरलं, हिला खाणारी दुसरी गोगलगाय असते म्हणे, तीच आणून सोडली तर?

वाचत बसलो तर गाठ पडली प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटाशी. ताहितीच्या शेजारचं बेट, डोंगर आणि दाट पावसाळी रान. तिथं झाडाच्या पानामागं 'पार्टुला तोहिवेआना' नावाची गोगलगाय राहायची. बोटाच्या पेराएवढी. कुजकी पानं आणि शेवाळ खायची, पिकाच्या वाटेला जात नव्हती. अंडीही घालत नाही, एका वेळी एकच पिल्लू देते. आणि आपली शंखी? एका खेपेला शंभर-दोनशे अंडी!

हीच आफ्रिकन शंखी त्या बेटांवरही पोचली आणि पिकं खाऊ लागली. उपाय म्हणून 1977 साली मोओरेआवर फ्लोरिडाकडची शिकारी गोगलगाय मुद्दाम सोडली. ही दुसऱ्या गोगलगायीच्या चिकट मागावरून वास काढत जाते. तिला शंखीपेक्षा गरीब पार्टुलाच सोपी सापडली. दहा वर्षांत बेटाच्या रानातल्या पार्टुलाच्या सातही जाती जवळजवळ संपल्या. शंखी काही संपली नाही.

शास्त्रज्ञांनी आधीच थोड्या उचलून नेल्या होत्या म्हणून बीज राहिलं. प्राणिसंग्रहालयांत डब्यात वाढवून 2015 पासून परत रानात सोडतायत. 2024 ला तोहिवेआनाच्या रानातच जन्मून मोठ्या झालेल्या गोगलगायी सापडल्या. चाळीसेक वर्षं गेली बघा यात.

हे वाचल्यावर बांधावर गेलो. लिंबाच्या बुडाशी, पालापाचोळ्यात बारीक बारीक गोगलगायी होत्या. लहानपणापासून बघतोय, पिकात कधी दिसल्या नाहीत. मागच्या साली शंखीच्या रागात मी तिथंही गोळ्या टाकल्या होत्या.

यंदा बाहेरची शिकारी नको आणि बांधावर गोळ्याही नकोत. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी शेतात ठेवतो, सकाळी खाली जमलेल्या शंखी हातमोजे घालून वेचतो, मिठाच्या पाण्याच्या बादलीत. ते पाणी शेतात ओतू नका. काल पाऊण बादली निघाली. शेजारच्या आबांनी अजून सुरुवात केलेली नाही, त्यामुळं त्यांच्या कडेच्या चार ओळी रोज नव्यानं भरतात. आज संध्याकाळी गोणपाटं घेऊन त्यांच्याकडंच चाललोय.