चेहरा नको, वही दाखव

गिरगावातल्या खोताच्या वाडीत राहणाऱ्याला कॅमेऱ्याची सवय असते आणि चीडही असते. रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरे अडकवलेली मंडळी गल्लीत येतात. लाकडी कठडे, बाहेरून चढणारे जिने, वळणावरचा क्रूस, सगळ्याचे फोटो काढतात. त्याला माझी हरकत नाही. पोर्तुगीज वळणाची ही घरं एकेकाळी पासष्ट होती असं सांगतात, आता त्याच्या निम्मीही उरली नाहीत; लोकांनी ती बघावीत, जपावीत. पण काही जण जिना चढून वर येतात, दार उघडं दिसलं की डोकावतात आणि मी ताट मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसलेली असताना खटकन फोटो काढून मोकळे होतात. एकदा एकाला मी विचारलं, "तुमच्या घरी येऊन मी असा फोटो काढलेला चालेल का?" तो ओशाळला, काही न बोलता उतरून गेला.

हे आधी सांगते, कारण २०२० च्या पावसाळ्यात मी माझ्या आठवीच्या बेचाळीस मुलांशी नेमकं हेच केलं.

गिरगावातल्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. व्हिडिओवरून शिकवणं या गोष्टीवर माझा विश्वास नव्हता, आणि तसं मी शिक्षकांच्या खोलीत ठासून सांगत असे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक यांनी पवईहून व्हिडिओवरून, ठिकठिकाणच्या केंद्रांत बसलेल्या हजार हजार अभियांत्रिकी शिक्षकांचं एका वेळी प्रशिक्षण घ्यायला सुरुवात केली, तेव्हा माझा भाचा अशाच एका केंद्रावर जाऊन बसला होता. तो भारावून सांगत होता आणि मी म्हणत होते, "अरे, हजार जणांना एकदम शिकवतात ती सभा. वर्ग नव्हे." त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट मी तेव्हा कानाआड केली. पवईहून व्याख्यान झालं की उरलेला वेळ त्याच केंद्रात शेजारी शेजारी बसून उदाहरणं सोडवण्यात जायचा. खरं शिकणं तिथे झालं, असं तो म्हणाला होता. मला मात्र पडद्यावरचा माणूस तेवढा लक्षात राहिला.

मग मार्च २०२० आला. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ तारखेला होता. तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. शाळांना कुलपं लागली. जूनमध्ये आम्हाला सांगण्यात आलं की तास फोनवरून घ्यायचे. जुलैमध्ये केंद्राच्या 'प्रज्ञाता' सूचना आल्या: आठवीपर्यंत दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रं. त्याच महिन्यात सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, आणि ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हतं पण टीव्ही होता त्यांची थोडीफार सोय झाली. आमच्या वर्गातली नऊ मुलं मात्र माझ्या तासाला कधीच आली नाहीत. घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर जायचा. काही जण लॉकडाऊन लागताच गावी गेलेले. येणाऱ्यांतला राजापूरकडचा एक मुलगा रेंजसाठी सड्यावर जाऊन बसायचा. पाऊस आला की त्याचा तास संपला. त्या नऊ जणांचं काय झालं हा हिशेब माझ्या नावावर आहे, आणि पुढे जे चांगलं लिहिणार आहे त्याने तो पुसला जात नाही.

मी मुलांना एकच नियम घातला होता. कॅमेरा चालू पाहिजे. चेहरा दिसला तर हजेरी, नाहीतर गैरहजर. माझं म्हणणं असं, की डोळे दिसल्याशिवाय पोराला कळलंय की नाही हे समजायचं कसं? आणि माझ्या मागे काय दिसत होतं? आमचा व्हरांडा, नक्षीचा कठडा, तुळस, समोरच्या घराचं कौलारू छप्पर. शंकरशेट मार्गावरच्या मेट्रोच्या कामाचा आवाज मध्येच यायचा, तेवढंच. मुलं म्हणायची, "बाई, तुमचं घर सिनेमातल्यासारखं आहे." मला ते आवडायचं.

एक मुलगा रोज कॅमेरा बंद ठेवून बसे. हुशार नव्हता, वात्रटही नव्हता. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "अरे, शाळेचा काही मान आहे की नाही? चालू कर आत्ताच्या आत्ता." त्याने केला. ठाकुरद्वारच्या बाजूची चाळ, दहा बाय बाराची एक खोली. त्याच्या मागे मोरी होती. मोरीच्या कठड्यापाशी त्याची आई भिंतीला पाठ घट्ट लावून, हातात भांड्याचं झाकण धरून उभी होती, आपण दिसू नये म्हणून. तिला ना पुढे येता येत होतं, ना बसता येत होतं. बाहेर जायचं दार मुलाच्या मागेच, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच. तास संपायला बावीस मिनिटं होती. ती बावीस मिनिटं ती तशीच उभी राहिली, आणि मी समीकरणं शिकवत राहिले. कॅमेरा बंद कर, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही, कारण आत्ताच मी तो चालू करायला लावला होता.

त्या रात्री मला जिन्यावरून डोकावणारे फोटोवाले आठवले. मी निदान त्यांना हाकलू शकत होते.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून सांगायचं मी ठरवत होते, पण तास आधी सुरू झाला आणि त्याचा कॅमेरा चालूच होता. मात्र चेहरा नव्हता. वरून दिसणारी वही होती आणि पेन्सिल धरलेला हात. पोह्यांच्या उंच डब्यावर त्याने फोन आडवा ठेवला होता, कॅमेऱ्याचं टोक डब्याच्या कडेबाहेर, आणि दुसऱ्या टोकावर वजन म्हणून कंपासपेटी. नियम त्याने पाळला होता आणि आईलाही मोकळं केलं होतं. तेरा वर्षांच्या पोराला जे सुचलं ते मला सुचलं नव्हतं.

मी फळ्यावर, म्हणजे व्हरांड्यात टांगलेल्या पुठ्ठ्यावर, उदाहरण घातलं: ५ – २(क्ष – ३) = ३. हे माझ्या ठरलेल्या उदाहरणांतलं, वर्षानुवर्षांचं. वर्गात मी ते घालायचे, पाच मिनिटं द्यायचे आणि विचारायचे, "किती आलं?" 'चार'वाल्यांनी हात वर केले की पुढचं उदाहरण.

त्या दिवशी मला उत्तराआधी हात दिसला. त्याची पेन्सिल ५ वर गेली, मग २ वर. थोडी थांबली. त्याने ५ मधून २ वजा केले आणि ३ लिहिले. मग कंस लिहिला: ३(क्ष – ३) = ३. दोन्हीकडे ३ ने भागलं, कंस १ आला, म्हणून क्ष = ४. उत्तर बरोबर. रीत साफ चूक, कारण तो २ कंसाला गुणलेला आहे, त्याला ५ मधून आधी वजा करताच येत नाही.

मी सुन्न झाले. इतक्या वर्षांत किती मुलांनी हे असंच सोडवलं असेल आणि मी त्यांना शाबासकी देऊन पुढे गेले असेन? माझं उदाहरणच असं होतं की चुकीच्या वाटेनेही त्याच घरी पोचता यायचं. साठ मुलांच्या वर्गात बाकांमधून फिरताना मला वह्या दिसत होत्या, पण सोडवून झालेल्या. पेन्सिल कुठे अडते ते कधी दिसलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी नियम बदलला. चेहरा नको, वही दाखवा. ज्यांना चेहरा दाखवायचा त्यांनी दाखवावा, सक्ती नाही. आणि मोठ्या तासाबरोबर चार चार जणांचे छोटे गट केले. फुकटच्या मीटिंगला चाळीस मिनिटांची मर्यादा होती, ती आम्हाला पुरून उरायची. पडद्यावर चार चौकोन, चारांत चार वह्या. मी ऐकत बसायचे, आणि गप्प बसणं मला फार जड गेलं. शिक्षकाला गप्प बसायला कोणी शिकवत नाही.

तेच उदाहरण मी त्या मुलाच्या गटाला पुन्हा दिलं. गटातल्या एका मुलीने विचारलं, "तू पाचातून दोन आधी का काढलेस?"

"आधी आहेत म्हणून."

"पण तो दोन कंसाचा आहे ना. पाचाचा नाहीये."

"उत्तर तर बरोबर आलंय माझं."

इथे मी बोलणार होते. जीभ चावून थांबले. मुलगी जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "बाई, उजवीकडे तीनच्या जागी एक घेऊ या?" सगळ्यांनी घेतला. तिघांचं उत्तर ५ आलं, त्याचं आलं १० तृतीयांश. "ताळा बघ," दुसऱ्याने सांगितलं. त्याने १० तृतीयांश मूळ समीकरणात घातले. डावी बाजू १३ तृतीयांश झाली, १ काही होईना. त्याची पेन्सिल बराच वेळ हलली नाही. मग त्याने आपलं सगळं सोडवलेलं रबराने न खोडता त्यावर एक तिरकी रेघ मारली आणि खाली नव्याने सुरुवात केली. मग तीन घेतल्यावर का जुळलं होतं? ते कोडं त्यांनी दुसऱ्या दिवशी सोडवून आणलं: कंसाची किंमत १ असेल तर ५ मधून दोन वेळा १ गेला काय आणि ३ ला १ ने गुणलं काय, सारखंच. ही समज मी त्यांना दिलेली नव्हती. ती मी त्यांच्याकडून घेतली.

डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरचा पुरस्कार, आणि त्यातला निम्मा त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिला. त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडची चर्चा सगळीकडे झाली. मी आदल्या वर्षी ती बातमी वाचली असती तर 'तंत्रज्ञानाचं कौतुक' म्हणून पान उलटलं असतं. आता मी दुसरीच गोष्ट शोधून वाचली. व्हिडिओ कॉलवरून ते दूरदूरच्या देशांतल्या वर्गांना आभासी सहल घडवत, प्रयोग दाखवत, आणि एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलायला लावत. मुलाने मुलाशी बोलणं, हेच त्यातलं मोल. माझ्या चार चौकोनांच्या खिडकीतून मला ते ओळखता आलं.

मी अजूनही म्हणेन की दिवसाचे पाच तास पडद्यापुढे बसवून ठेवणं हा मुलांवर अन्याय आहे, आणि बेचाळीस जणांपुढे पडद्यावरून भाषण करणं म्हणजे शिकवणं नव्हे. त्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. बदललं ते असं: पडदा शिक्षकाचा चेहरा मुलांपर्यंत पोचवायला आहे, असं मी समजत होते. तो मुलांचे हात माझ्यापर्यंत आणि एकमेकांपर्यंत पोचवू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

४ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग उघडले. माझी मुलं तेव्हा नववीत गेली होती. तो मुलगा पहिल्याच दिवशी भेटला, उंच झालेला, मास्कमुळे मी आधी ओळखलंच नाही. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "त्या दिवशी तुला सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलं माझं. आईला सांग." तो मान खाली घालून म्हणाला, "आईला आठवत पण नसेल, बाई." तिला आठवत असणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पुढच्या पालकसभेला मी स्वतः तिच्याशी बोलले.

उरलेल्या काही महिन्यांत वर्गातही मी चार जणांना एका वहीभोवती बसवलं, आणि "किती आलं?" हा प्रश्न सोडला. २०२२ मध्ये निवृत्त झाले. आता मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता याच व्हरांड्यातून एक तास घेते. वाडीतली दोन मुलं माझ्यासमोर चटईवर बसतात, बाकीची फोनवर असतात, त्यातली तीन राजापूर तालुक्यातली. सड्यावर बसणाऱ्या त्या मुलाची धाकटी बहीण त्यांच्यात आहे.

ज्या शिक्षकांचे अजून असे तास चालू आहेत, त्यांना एवढीच विनंती. कॅमेरा चालू करायला सांगण्याआधी, त्या खोलीत आणखी कोण उभं आहे ते विचारा. आणि फोन डब्यावर आडवा ठेवायला सांगा. पोह्यांचा डबा नेमक्या उंचीचा असतो.