फळीचा बाक

काइटबोर्ड, म्हणजे पतंगाच्या ओढीवर पाण्यावरून धावायची फळी, घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिलं काम करतो ते ती उभी धरून मधोमध गुडघा दाबून बघण्याचं. मीही तेच केलं होतं. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघतात ना, तसं. भेंडीचं त्यातून निदान काही कळतं. फळीचं काही म्हणजे काही कळत नाही.

आमचं पाणी म्हणजे ओरेगनमधलं हूड रिव्हर, पोर्टलंडहून तासाभरावर. इथल्याच कोलंबिया नदीवर बिल आणि कोरी रोझलर या बापलेकांनी पाण्यावरच्या स्कीला पतंग जोडून पाहिला होता. उन्हाळ्यात पूर्वेकडचा कोरडा मुलूख तापतो आणि पॅसिफिकवरची गार हवा कॅस्केड पर्वतरांगेतल्या कोलंबिया नदीच्या खिंडीतून आत घुसते. शाळेतल्या भूगोलातले खारे वारे, फक्त फार मोठ्या मापाचे. गंमत अशी की वारा पूर्वेकडे वाहतो आणि नदी पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. तुमची फळी वाऱ्याविरुद्ध चढायला कितीही मठ्ठ असली, तरी प्रवाह तुम्हाला फुकटात वर नेऊन सोडतो. या फुकटेपणानं माझी फळीची पारख बरीच वर्षं बिघडवली.

माझा प्रकार वेकस्टाइलचा. त्यात उंच उडायचं नसतं. पतंग खाली, 45 अंशांच्या आसपास ठेवायचा, पतंगाच्या दोऱ्यांचा बार कंबरेच्या हार्नेसच्या आकड्यातून सोडवायचा, सगळी ओढ दोन हातांवर घ्यायची आणि फळीची कड पाण्यात रुतवून झटक्यात सुटायचं. मग हवेत पाठीमागून बार एका हातातून दुसऱ्या हातात. हा हँडल पास जमला की बघणारे टाळ्या वाजवतात, पण खरी परीक्षा त्यानंतर असते. कारण पतंग वर धरून तुम्हाला अलगद खाली सोडत नाही, आडवा ओढतच राहतो. तुम्ही पाण्यावर टेकता तेव्हा वेग उडतानाच्या वेगाहून कमी नसतो, कधी जास्तच असतो.

माझी पहिली ‘खरी’ फळी कार्बनची होती. कडक आणि जवळजवळ सपाट. उडी अशी मिळायची की दोरीवरून सुटलेला बाणच. उतरताना मात्र तिचं टोक पाण्यात घुसायचं आणि मी तोंडावर. वर्षभर मी हाताला दोष देत राहिलो: बार उशिरा पकडतोय, मान चुकीच्या बाजूला वळतेय. शेवटी डावा गुडघा सुजला आणि सहा आठवडे घरी बसलो. परतल्यावर एका मित्राची रेलवर, म्हणजे पाण्यात उभारलेल्या घसरपट्टीवर, घासून घासून पांढरी पडलेली जुनी फळी मागून घेतली. तिसऱ्याच प्रयत्नाला तीच उडी उभी उतरली. मी वर्षभरात काहीही नवं शिकलो नव्हतो. फळीला बाक होता, इतकंच.

रॉकर म्हणतात त्याला. फळी जमिनीवर ठेवली की टोकं जितकी वर राहतात, तितका रॉकर. साध्या फिरण्याच्या फळीला ढोबळमानानं साडेतीन-चार सेंटिमीटर, वेकस्टाइलच्या फळीला पाच किंवा जास्त. हा एखादा सेंटिमीटर उतरताना टोक पाण्याबाहेर ठेवतो आणि पायांना सावरायला क्षणभर देतो. त्याची किंमतही मोजावी लागते: फळी पाणी ढकलत चालते, वेग उशिरा धरते, तोंडावर फवारे उडवते. बाक दोन तऱ्हेचा. सलग कमानीसारखा असेल तर फळी गुळगुळीत धावते, उडी हळूहळू भरत येते. मधे सपाट आणि दोन ठिकाणी मोडलेला असेल तर फळी लाथ मारल्यासारखी उसळवते. तरुणांना ही लाथ आवडते. मला आता सलग कमान बरी वाटते, आणि त्यात वयाचा वाटा नाही असं मी म्हणणार नाही.

फिन बारके हवेत किंवा नकोतच, ते रेलवर अडकतात. पकड तळाच्या चरांवर सोडावी. बुटांचं मात्र दुकानात कुणी नीट सांगत नाही. साध्या पट्ट्यांतून पडताना पाय सुटतो, फळीवर जडवलेल्या बुटांतून सहसा सुटत नाही. घोटा जखडलेला असतो. मग वाकायचं कुणी? फळीनं वाकायचं, नाहीतर गुडघ्यानं. म्हणून ‘जितकी कडक तितकी पट्टीच्या खेळाडूची’ हा समज मला धोक्याचा वाटतो.

नवी बाकदार फळी घेऊन एका फेब्रुवारीत मी गोव्यात अश्वेला गेलो. दुपारचा मंद खारा वारा, पाठीशी नदी नाही. फळी नांगरासारखी पाणी उकरत राहिली आणि मी प्रत्येक फेरीनंतर ती काखेत मारून किनाऱ्यानं मागे चालत आलो. रुंद, सपाट फळीवर मजेत फिरणाऱ्या एका पोरानं थांबून विचारलं, “काका, चालायला आणली का फळी?” त्यातलं ‘काका’ जास्त लागलं.

यंदा पुन्हा एक घेतली, 140 बाय 42, मध्यम लवचीक, फक्त हूड रिव्हरसाठी. डावा बूट गुडघ्याखातर एक भोक आत बसवला. दुकानातल्या मुलानं विचारलं, वाकवून बघणार नाही का? मी फळी डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि सुतार रंधलेली फळी बघतो तशी तिची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिलो.