लांबीचा हिशेब : इतवारीपासून कारंज्यापर्यंत

नागपूरच्या इतवारीत लांब वाहनाने येऊ नये, हे सांगण्यासाठी फलकाची गरज पडत नाही. किराणा ओळीतून सराफ्याकडे जाताना हातगाड्या, दुचाक्या आणि पोत्यांच्या थप्प्या यांतून वाट काढणारा टेम्पोचालकही वळणावर क्षणभर थांबून मागे पाहतो. रविवारच्या बाजारावरून नाव पडलेल्या या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या अनेकांनी आपली गोदामे कळमना, वर्धमाननगर आणि वाडीकडे नेली, त्याचे एक कारण हे वळणच होय. गादी पेठेतच राहिली, माल बाहेर गेला.

शहराबाहेर मात्र वाहनांचा आकार एकदम बदलतो. श्रीनगर–कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि हजिरा–पारादीप हा महामार्ग ५३ नागपूरला एकमेकांना छेदतात. जुने व्यापारी त्यांना अजूनही सात नंबर आणि सहा नंबर म्हणतात. वाडीच्या रस्त्यावर पहाटे उभे राहिले, तर देशाच्या चारही दिशांचे ट्रेलर दिसतात.

याच इतवारीतील एका घरात मागच्या हिवाळ्यात तीर्थयात्रेचा बेत ठरत होता. कारंजा लाड येथील मंदिरे, तेथून शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ. आजींचे गुडघे थकलेले, रात्रिभोजनाचा त्याग, पाणी उकळलेलेच. अमेरिकेहून आलेल्या नातवाने मोटार कॅराव्हॅन सुचवली. चालते घर, त्यातच स्वयंपाकघर, म्हणजे सूर्यास्तापूर्वी घरचे शुद्ध भोजन कोठेही होऊ शकते. महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्येच जाहीर केलेले आहे. घरातील सर्वांना कल्पना आवडली. अडचण एवढीच, की बसएवढे हे वाहन कारंज्याच्या गल्ल्यांत शिरणार नाही आणि आजींना मंदिरापर्यंत चालवणार नाही. त्यावरही नातवाकडे तोड होती : घरची छोटी मोटार कॅराव्हॅनच्या मागे जोडून न्यायची. अमेरिकेत सर्रास असे करतात.

आजी म्हणाल्या, "अरे, ओढून न्यायला आपली गाडी बिघडली आहे का?"

कायदाही नेमके हेच विचारतो, हे नातवाला दोन दिवसांनी समजले. रस्त्याच्या नियमांविषयीच्या १९८९ च्या विनियमांनुसार नादुरुस्त किंवा अर्धवट जोडणी झालेले वाहन आणि नोंदणीकृत ट्रेलर यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर एका मोटारीने दुसरी ओढता येत नव्हती. ओढायचीच झाली, तर दोन वाहनांतील अंतर पाच मीटरपेक्षा अधिक नको, ओढल्या जाणाऱ्या वाहनामागे ठळक सूचना हवी आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत. २०१७ मध्ये हे विनियम नव्याने आले, तरी गाभा तोच राहिला. चाकावर धावू शकणारी धडधाकट मोटार सोयीसाठी मागे बांधणे त्यात बसत नाही. ज्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा, तेथे तशी वरात काढण्याचा विचारच नको.

अमेरिकेत अशा जोडीला परवानगी असते, पण लांबीचे बंधन तेथेही आहे. प्रत्येक राज्याचे माप वेगळे. अनेक ठिकाणी एकूण ६५ फूट, म्हणजे सुमारे १९.८ मीटर. युरोपात ट्रक आणि ओढता ट्रेलर मिळून १८.७५ मीटर. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९३ व्या नियमात २०२० साली दुरुस्ती होऊन ट्रक-ट्रेलरसाठी हाच १८.७५ चा आकडा आला.

नातवाचा पुढचा प्रस्ताव मोटार नोंदणीकृत ट्रेलरवर चढवण्याचा होता. वडिलांनी वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. बारा मीटरची मोठी कॅराव्हॅन, जोडदांडा एक मीटर, ट्रेलर सहा मीटर : बेरीज १९. ट्रक-ट्रेलरचे माप लावले तरी पाव मीटर जास्त. सात मीटरचे लहान वाहन घेतले तर १४ होतात, पण मग तीन पिढ्या मावत नाहीत. शिवाय प्रवासी वाहनामागे ट्रेलर चालतो की नाही, हे गिरीपेठेतील प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदणीपुस्तिका दाखवून विचारावे लागणार ते वेगळेच.

पाव मीटरने काय बिघडते, असे व्यापारी मनाला वाटणे स्वाभाविक आहे. उत्तर वाडीच्या कोणत्याही चौकात मिळते. लांब जोडी वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतल्या बाजूने रस्ता कापत जातात, आणि आतल्या बाजूला बहुधा सायकलवाला उभा असतो. लोखंडाच्या व्यापाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. सळई साधारण बारा मीटरची, ट्रकचा हौदा त्याहून आखूड. पूर्वी मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर ठेवण्याची सवलत याच ९३ व्या नियमात होती. अंधारात त्या टोकांवर आदळून माणसे मरत राहिली, तेव्हा २०१४ मध्ये सवलत काढून टाकण्यात आली. भाडे वाढले म्हणून तेव्हा बाजारात कुरकूर झाली. ज्याच्या घरातला माणूस सळईवर गेला, त्याच्यापुढे ती कोणी केली नसती.

शेवटी ट्रेलरचा विषय वहीतच राहिला. कॅराव्हॅन शिवमडक्याहून समृद्धीवर चढली, आणि छोटी मोटार जावईबापूंनी स्वतंत्र चालवली. डिझेल-पेट्रोलचा जादा खर्च वडिलांनी ट्रेलरच्या भाड्याशी ताडून पाहिला. तो कमीच भरला.

कारंज्यात मोठे वाहन गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत उभे राहिले. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ अशा तिन्ही परंपरांची मंदिरे या गावात आहेत, आणि गल्ल्या इतवारीच्याच वळणाच्या. मोटार दारापर्यंत गेली. दर्शन आटोपून आजी परतल्या, तेव्हा कॅराव्हॅनमध्ये सूनबाईंची भाकरी तव्यावर होती आणि सूर्यास्ताला पाऊण तास शिल्लक होता.