मावळतीआधी मुक्काम

आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्येला, अटलांटिक महासागराच्या काठी नामिबिया हा देश पसरलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून अधिक. लोकसंख्या मात्र 2023 च्या जनगणनेनुसार 30 लाखांच्या आसपास. एवढ्या विरळ वस्तीत सर्वत्र डांबर घालणे परवडणारे नाही. एकूण रस्त्यांमध्ये डांबरी रस्त्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. 'बी' अक्षराचे महामार्ग बहुतेक डांबरी, 'सी' आणि 'डी' अक्षरांचे मार्ग प्रामुख्याने मुरमाचे, आणि समुद्रकिनाऱ्यालगत खाऱ्या पाण्याने घट्ट बसवलेले मिठाचे रस्ते, अशी तेथील मांडणी. वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे भारतीय चालकाला प्रथमदर्शनी सारे परिचित वाटते.

तो परिचय फसवा असतो. मुरमाच्या रस्त्यावर एखाद्या लहानशा उंचवट्यावरून चाक उसळते, पुढे आपटते आणि तेथे खळगा करते. मागून येणारे प्रत्येक चाक तेच करते. काही आठवड्यांत रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो. त्यावर वेगाने गेल्यास चाके जमिनीला पुरती टेकत नाहीत आणि वळणावर गाडी चालकाचे ऐकत नाही. अशा वेळी करकचून ब्रेक दाबणे किंवा स्टिअरिंग झटक्याने फिरवणे म्हणजे गाडी उलटण्याला निमंत्रण. म्हणून गाड्या भाड्याने देणारे अनेक व्यावसायिक मुरमावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा घालतात, चाकांतील हवा थोडी कमी ठेवायला सांगतात आणि दोन स्टेपन्या देतात. सूर्यास्तानंतर वस्तीबाहेर गाडी चालवू नये, अशी अटही अनेक करारांत असते. कुडू आणि ओरिक्स ही मोठी हरणे संध्याकाळी रस्त्यावर येतात. दिव्यांच्या झोतात ती दिसेपर्यंत थांबण्याइतके अंतर उरलेले नसते.

या वाटा मुळात व्यापाराच्या. 1840 च्या दशकात योंकर आफ्रिकानर या स्थानिक नेत्याने विंडहुकपासून वॉल्व्हिस बे बंदरापर्यंत बैलगाड्यांचा मार्ग तयार करवून घेतला, आणि बंदरातला माल अंतर्भागात पोहोचू लागला. त्या काळी मुक्काम ठरत असे तो पाण्यावरून. सेस्रिएम या ठिकाणाचे नावच तसे आहे: तेथील अरुंद घळीच्या तळाचे पाणी काढण्यासाठी चामड्याच्या सहा वाद्या एकमेकींना बांधाव्या लागत, 'सेस' म्हणजे सहा आणि 'रीम' म्हणजे वादी.

मे महिन्याच्या सुट्टीत याच सेस्रिएमकडे निघालेले, दक्षिण महाराष्ट्रातील एका व्यापारी घराण्याचे सहा जण विंडहुकहून साडेआठला बाहेर पडणार होते. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे. गाडी ताब्यात घेणे, कागदपत्रे, पाण्याचे डबे, फळे, कडधान्ये यांत साडेदहा वाजले. आजी सूर्यास्तापूर्वी जेवतात आणि कंदमुळे वर्ज्य मानतात. त्यामुळे खाकरे, मेतकूट, भाजणी आणि मुगाची डाळ घरूनच आली होती. मांसाहार सर्वत्र असलेल्या त्या देशात ही शिदोरी दररोज उपयोगी पडली.

वाटेत श्प्रेत्सहोख्ते घाट लागतो. पठार येथे अकस्मात संपते आणि खाली नामिब वाळवंटाचा फिकट तांबूस विस्तार क्षितिजापर्यंत पसरतो. तेथे जेवण आणि छायाचित्रे यांत तास गेला. घाट उतरून थोडे पुढे जाताच मागचे डावे चाक बसले. आजूबाजूला ना माणूस, ना फोनला रेंज. मुरमात जॅक रुतू लागला, तेव्हा त्याखाली ठेवायला सपाट काही हवे होते. सुनेने शिदोरीच्या खोक्यातला पोळपाट पुढे केला. पोळपाटाला तडा गेला, पण चाक बदलले. थोरल्या नातवाने नट मोजून आपल्या टोपीत सांभाळले होते. या साऱ्यात पाऊण तास खर्ची पडला.

सॉलिटेअरला पोहोचेपर्यंत पाच वाजून गेले. पेट्रोल पंप, दुकान, बेकरी, निवासाची सोय आणि वाळूत गंजत उभ्या असलेल्या जुन्या मोटारी, एवढीच ही वस्ती. सेस्रिएम येथून सुमारे 83 किलोमीटर. तेथील दोन रात्रींचे पैसे आगाऊ भरलेले. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास. 80 च्या वेगाने तासाभराचे अंतर, म्हणजे हिशेब बरोबर जुळत होता, आणि मुलगा निघण्याच्या तयारीत होता. शिवाय पहाटे वाळूच्या टेकडीवरून सूर्योदय पाहायचा, हे नातवंडांना दिलेले वचन होते.

आजोबांनी नकाशा मागितला नाही; त्यांनी विचारले, "आता स्टेपनी किती उरली?" एक, असे उत्तर आले. "आणि तीही बसली तर?" यावर कोणी बोलले नाही. मुलगा म्हणाला, "अप्पा, आजच्या रात्रीचे भाडे बुडेल." आजोबा म्हणाले, "ते बुडालेलेच धर. इथे राहिलो तरी ते परत येणार नाही आणि तिथे पोहोचलो तरी परत येणार नाही. राहिला प्रश्न आपला सहा जणांचा." पेढीवर चाळीस वर्षे बसलेल्या माणसाचा तो विचार होता: गेलेल्या रकमेसाठी आणखी भांडवल धोक्यात घालायचे नसते.

कुटुंब तेथेच थांबले. आजींचे जेवण उजेडात झाले. धाकटी नात रुसून बसली, आणि मुलगाही बराच वेळ गप्प होता. त्या रात्री दुहेरी भाडे पडले ते त्याच्या हिशेबातून सहज पुसले जाणारे नव्हते. पहाटे दुसऱ्या चाकाचे पंक्चर काढून घेतले आणि उजाडल्यावर गाडी निघाली. वाटेत तीन ओरिक्स रस्त्याच्या मधोमध उभे होते. गाडी थांबली, इंजिन बंद झाले, आणि ते सावकाश उतरून गवतात गेले. दुखापत कोणालाच झाली नाही, त्यांनाही नाही.

सूर्योदय हुकला तो हुकलाच. सॉसुसव्लाय परिसरात पोहोचेपर्यंत ऊन तापले होते आणि उंच टेकडीवर नातवंडे अर्ध्या वाटेवरूनच परतली. मात्र डेडव्लाय पाहता आले. पांढऱ्या चिकणमातीच्या कोरड्या तळ्यात शेकडो वर्षांपूर्वी सुकलेली बाभळीच्या कुळातील झाडे तेथे काळी होऊन उभी आहेत. हवा इतकी कोरडी की लाकूड कुजतसुद्धा नाही. भोवतीचा हा वाळूचा सागर 2013 मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. येथील जीवसृष्टी मुख्यतः समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर जगते. एक जातीचा भुंगेरा टेकडीच्या माथ्यावर डोके खाली करून उभा राहतो आणि पाठीवर जमलेले थेंब तोंडाकडे ओघळू देतो. ही माहिती ऐकून आजी बराच वेळ वाळूकडे पाहत राहिल्या, आणि पुढे पाऊल जपून टाकू लागल्या.

पुढचा टप्पा वॉल्व्हिस बेचा. 'सी 14' हा मार्ग मकरवृत्त ओलांडून गाउब आणि कुइसेब या दोन घाटांतून खाली जातो आणि मग सपाट, पांढुरक्या खडकाळ माळावरून समुद्राकडे वळतो. त्या दिवशी गाडी सातला निघाली. समोरून वाहन येताना दिसले की नात "धूळ!" म्हणून सांगे आणि वेग आधीच कमी होई, कोरड्या नदीपात्राचा उतार दिसला की सून इशारा देई, दर पंपावर टाकी भरून चाकांची हवा पाहणे नातवाकडे आले. तीनच्या आत समुद्राची थंड हवा लागली.

अशा प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबांनी दिवसाचा टप्पा किलोमीटरांत न आखता उजेडाच्या तासांत आखावा. मुरमावर ताशी सरासरी 60 किलोमीटर धरावेत, त्यात पंक्चरचा एक तास मिळवावा, आणि सूर्यास्तापूर्वी दोन तास मुक्काम गाठता येईल एवढेच अंतर घ्यावे. जॅकखाली ठेवायला जाड फळी, माणशी किमान पाच लिटर पाणी आणि मुक्कामाला कोणत्या मार्गाने येत आहोत याची आगाऊ सूचना, या तीन गोष्टी कधीही वगळू नयेत.

या रस्त्यांच्या कडेला मधूनच एखादी फिरती खोली आणि पिवळे ग्रेडर यंत्र उभे दिसते. यंत्र चालवणारे कामगार आठवडेच्या आठवडे तेथेच राहतात. पन्हाळी झालेला रस्ता ते खरवडून सपाट करतात, पुढच्या टप्प्यावर जातात आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच जागी परततात. जाणारी बहुतेक वाहने त्यांना हात करून जातात. त्या कुटुंबातील नातवंडेही तिसऱ्या दिवसापासून हात करू लागली.