तिसऱ्याची वेळ

होटगीच्या माळावर नाव घेण्यासारखा चढ नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट भल्याभल्यांचा दम काढतो आणि घाट आधी सर करणारा ‘घाटाचा राजा’ म्हणून मिरवतो. आमच्याकडे घाटाचं काम वारा करतो. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेकडून सुटलेला हा वारा सोलापूरहून होटगीला जाताना पाठीशी असतो. पायात आज भलतंच बळ आलंय, असं वाटायला लावतो. जंक्शनपाशी सायकल वळवली, की तोच डावीकडून तिरका तोंडावर येतो. समोर सपाट रस्ता, दोन्ही अंगांना काळी रानं, आणि मांड्या मात्र पेटलेल्या.

या वाऱ्यापुढे एकट्याचं काही चालत नाही. म्हणून आम्ही चौघं. सगळे चाळिशीपलीकडचे, शर्यतीच्या अर्जावर ‘मास्टर्स’ गटातले. एक बँकेत, एक साखर कारखान्यावर, एकाचे चादरीचे माग, चौथा मी. उजाडायच्या आत निघायचं, पुढच्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतर राखायचं. नजर चाकावर ठेवायची नाही, त्याच्या कमरेवर ठेवायची. चाकाकडे बघत राहिलं की पुढचं काही दिसत नाही. पुढच्याने कोपर हलवलं की तो बाजूला होतो, घसरत मागे जातो आणि शेवटच्याचं चाक धरतो. आडोशाला असणाऱ्याची पाव हिश्श्याहून जास्त मेहनत वाचते. बोलणं फारसं नसतंच. ‘खड्डा!’, ‘ट्रॉली!’ आणि कुणी जोर केला की मागून, ‘हळू की बे!’

परतताना वारा डावीकडून, म्हणजे आडोसा उजव्या अंगाला. तिरकी रांग धरावी तर समोरून ट्रॅक्टर येतो. रांग डावीकडे सरकवावी तर पुढच्याला कडेचा मुरूम लागतो, आणि मुरुमात सराटे. एकदा ट्यूब काढून आतून टायर चाचपताना बोटाला लागलेला सराटा मी निरखून पाहिला होता. हरभऱ्याएवढा जीव, पण कसाही पडला तरी एक काटा वर!

सांघिक शर्यतीत आम्ही चौघं एकदम सुटतो आणि वेळ धरली जाते ती तिसऱ्याची. पहिला कितीही आधी पोचू दे, घड्याळ तिसऱ्यासाठी थांबलेलं असतं. हा नियम अंगात मुरायला फार दिवस लागतात. कारखानेवाला आमच्यात दमाचा. पुढे आला की वेग वाढवायचा आणि मागची रांग तुटायची. जोरकस गड्याने वेग वाढवायचा नसतो, पाळी लांबवायची असते. आता तो आमच्या दुप्पट वेळ वारा अंगावर घेतो, त्याच वेगाने.

पाळीचं टोक म्हणजे दोघांचाच संघ. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ 2015मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’त दोघांचा संघ म्हणून उतरले. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अनॅपोलिसपर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर, तेही नऊ दिवसांच्या आत. एक पायडल मारतोय तेव्हा दुसरा गाडीत पाठ टेकतोय. आपली पाळी संपली की डोळे मिटायचे. भाऊ रस्ता सोडणार नाही एवढा भरवसा ठेवायचा. मला त्या अंतरापेक्षा ती झोप अवघड वाटते.

आमच्या तिसऱ्याच्या नियमाला एक पोटनियम आहे. वेळ तिसऱ्याची, म्हणजे चौथा सुटला तरी चालतो. त्यामुळे चौथ्याने राखून काही ठेवायचं नसतं. शेवटच्या टप्प्याआधी वाऱ्यात जेवढं आहे तेवढं ओतायचं, कोपर हलवायचं आणि मागे राहायचं. तिघं लहान होत जातात, आपण सायकलवर मान टाकून ढकलत येतो. पोरवयात आम्ही चौघंही पहिलं येण्यासाठी भांडलो असतो. आता कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात घेऊन वाद होतो तो चौथा कोण यावर. पुढच्या शर्यतीला तो मान माझा, हे मी आधीच सांगून ठेवलंय. बँकवाला मात्र अजून ऐकायला तयार नाही.